पाचवा खुंटा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. कल्पना करा, तुम्ही तापीकाठच्या एका शेतात माळ्यावर बसला आहात. माळा म्हणजे चार लाकडांवर बांधलेलं उंच मचाण, राखणदाराला बसायला. खाली चहूकडे दादर उभी आहे, म्हणजे खानदेशातली हिवाळ्यातली ज्वारी, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. दिवस कलला आहे. कुठेतरी खसखस होते. रानडुक्कर शिरलंय. दिसत काहीच नाही. मग ते नेमकं कुठे आहे, हे तुम्ही कसं सांगाल?

एकट्याला नाही सांगता येत. एकट्याला फार तर एवढंच कळतं की आवाज या बाजूने आला. दहा पावलांवरून की शंभर, ते कळत नाही. म्हणून त्या गावात चार-पाच माळ्यांवर चार-पाच पोरं बसवत. प्रत्येकाच्या हातात एक तुराटी, तुरीची वाळकी काठी. आवाज आला की ज्याने त्याने आपल्या कानाला पटेल तिकडे काठी धरायची आणि तशीच धरून ठेवायची. बांधावरचा मोठा माणूस सगळ्या काठ्यांवरून नजर फिरवी. त्यांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कुत्री सोडायची. डुक्कर तिथेच सापडे.

आणि एखाद्याची काठी बाकीच्यांहून वेगळीकडे गेली तर? तर सगळे हसत. "आडवी काठी पेंगणाऱ्याची," असं तिथे म्हणतच. त्या पोराला खाली उतरवून तोंडावर पाणी मारायचं आणि त्याची काठी सोडून बाकीच्या धरायच्या.

गिरधर हा असाच माळ्यावर बसून वाढलेला मुलगा. आईवडील लवकर गेले, पण त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा भाऊ सुकलाल याने त्याला बापासारखं सांभाळलं. केळी आणि कापूस सुकलालने पिकवायचा, पुस्तकं गिरधरने वाचायची, अशी वाटणीच झाली होती. गिरधर नंदुरबारला शिकला, मग पुण्याला आणि एकोणीसशे पंचावन्न साली बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत गेला.

तिथे तो काय करत होता? ऐकायला गंमत वाटेल, पण तो माळ्यावरचाच खेळ खेळत होता. संस्थेच्या मागच्या माळरानावर त्याने आठ खांब एका ओळीत, सारख्या अंतरावर रोवले होते. प्रत्येक खांबावर विजेवर चालणारा एक कान. दूर कुठे ढग गडगडला की तो आवाज आधी एका कानाला पोचे, मग क्षणाच्या बारक्या तुकड्याने पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. खोलीत कागदाच्या गुंडाळीवर आठ लेखण्या आठ रेघा काढत. कोणत्या रेघेत उसळी किती उशिरा आली ते मोजायचं आणि त्यावरून गडगडाट कोणत्या दिशेचा ते काढायचं. एक कान बावळट असतो, आठ मिळून शहाणे होतात.

त्याचा पहिला निबंध छापून आला तो याच विषयावर. आठांपैकी एक कान बाकीच्यांशी जुळत नसेल तर तो बिघडलेला समजावा आणि वगळावा, मग उत्तर किती स्वच्छ येतं, हे त्याने गणिताने दाखवलं होतं. मार्गदर्शकांनी पाठ थोपटली. हे आपण माळ्यावर शिकलो, हे काही गिरधरने त्यांना सांगितलं नाही.

एकोणसाठच्या जानेवारीत तो सुट्टीला घरी आला. सुकलालची मुलगी मीना तेव्हा आठ वर्षांची होती. ती काकाच्या मागेमागे असायची. गिरधरने नदीच्या उतरणीखाली, पाण्याच्या कडेने, वीस-वीस पावलांवर पाच खुंटे ठोकले आणि पाच पोरं त्यांच्यापाशी उभी केली. डोळे मिटायचे, आवाज आला की काठी धरायची.

"जागा सोडायची नाही," तो बजावून सांगे. "तुम्ही कुठे उभे आहात ते मला माहीत असलं, तरच तुमच्या काठीला किंमत."

सुकलाल वरून बघत उभा राहायचा आणि घरच्या अहिराणी बोलीत विचारायचा, "गिरध्या, सरकार तुले याना पगार देस?"

"देतं ना, दादा."

"मंग या भटूलेबी लाई दे नोकरीवर. तो तं उभ्या उभ्या झोपी जास."

भटू हा शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा. तो लगेच म्हणे, "मी झोपत नही, मी ध्यान लायस." सगळे हसत आणि मीना सगळ्यांत जास्त. पाचवा, अगदी टोकाचा खुंटा तिचा होता.

मग ती सकाळ आली.

हिवाळ्यात तापीवर धुई उतरते. धुई म्हणजे दाट धुकं. त्या दिवशी ती इतकी दाट होती की हातातली तुराटी टोकाला दिसेनाशी व्हावी. सुकलाल पहाट फुटताच लहान होडी घेऊन एकटाच निघाला होता. पलीकडच्या वाळवंटात त्याने टरबुजाचं बी लावलं होतं, ते बघायला. पोरं नेहमीप्रमाणे खेळाला जमत होती, एवढ्यात नदीतून हाक आली.

"होऽऽ! नाव फुटनी रे! होऽऽ!"

सुकलालचा आवाज होता. डोहातल्या कुठल्याशा खडकावर होडी फुटली होती आणि तो कशाला तरी धरून होता. पण कुठे? धुईत सगळी नदीच ओरडते आहे असं वाटत होतं. म्हातारा नावाडी चुडामण आपली मोठी नाव घेऊन तयार झाला, पण वल्हं हातात धरून थांबला. इकडे जावं की तिकडे?

"चुडामण आबा, थांबा," गिरधर म्हणाला. "एका घडीत सांगतो. पोरांनो, खुंट्यांवर चला. जागा सोडायची नाही."

हाक आली. गिरधर ओळीने धावत गेला. पहिली काठी समोरच्या किनाऱ्याच्या उंच दरडीकडे, थोडी प्रवाहाच्या खालच्या अंगाला. दुसरी तिकडेच. तिसरी, चौथी तिकडेच. पाचव्या खुंट्यापाशी कोणी नव्हतं. मीना तिथून निघून बाजूच्या मातीच्या टेकाडावर चढली होती आणि तिची काठी अगदी उलटीकडे, वरच्या अंगाला, बाभळीच्या वळणाकडे धरलेली होती.

"तुला जागा सोडू नको म्हटलं होतं ना?"

"काका, खाले दोन आवाज येतस. आठे वर एकच—"

"तू जागा सोडलीस, मीना. आता तुझी काठी मी कशी धरू?" त्याने तिच्या हातातली काठी घेतली आणि खाली ठेवली. ओरडला नाही तो. घाईत होता, एवढंच. मग चुडामणला म्हणाला, "दरडीकडे. चार काठ्या तिकडे आहेत."

चुडामणने एकदा वर, वळणाकडे पाहिलं. "धुईमा नदी खोटं बोलस, गिरधरभाऊ." मग त्याने वल्हं टाकलं. "पण तू शिकेल शे. चाल."

दरडीखाली त्यांनी दोर टाकले, हाका मारल्या, बांबूने पाणी चाचपलं. सुकलालची हाक अजून दोनदा आली. नंतर आली नाही. सूर्य वर आला, धुई विरली आणि तेव्हा वरच्या अंगाला, वळणावरच्या बुडालेल्या बाभळीपाशी पांढरं काही दिसलं. सुकलालने धोतराचा सोगा मुळाला गाठ मारून बांधला होता. छातीभर पाणी. ऐन हिवाळ्यातलं गार पाणी. गाठ सुटली नव्हती. तोच गार पडला होता.

टेकाडावर मीना अजून उभी होती. काठी नव्हती म्हणून तिने नुसता हात धरला होता, बाभळीकडे.

गावात कोणी गिरधरला बोल लावला नाही. उलट सुकलालची बायको प्रमिलाबाई त्याला म्हणाली, "तुम्ही व्हतात म्हणीसन शोधाले तरी गयात, भाऊ." हे ऐकणं त्याला कशापेक्षाही जड गेलं. तेरावं झालं आणि तो बंगळूरला परतला. मीनाशी तो एक शब्द बोलला नव्हता. काय बोलणार होता?

पुढची चार वर्षं तो घरी आला नाही. पैसे पाठवी, पत्रं पाठवी आणि दर पत्रात एक नवं कारण. यंत्र जोडायचं आहे. परीक्षक येणार आहेत. काम सोडवत नाही. शेवटचं कारण तेवढं खरं होतं. तो माणूस जेवण विसरून काम करत होता. मीनाने बरोबर काठी धरली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चार शहाण्या पोरांच्या कानांनी एकाच वेळी एकच खोटं कसं ऐकलं? त्याचं गणित तर सांगत होतं की चार जुळले की तेच खरं.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यानंतर त्याला उत्तर मिळालं. संस्थेच्या माळरानाजवळ एक खडकाळ टेकडी होती. तिच्या आडून येणारा खाणीतल्या सुरुंगांचा आवाज त्याने आठ कानांनी ऐकला. सात कान म्हणाले, पूर्व. टोकाच्या आठव्याची उसळी त्या हिशेबात बसेना, ती फार लवकर आली होती. मदतनीस सवयीने आठवी रेघ खोडायला लागला. गिरधरने त्याचा हात धरला. तो चालत त्या आठव्या खांबापाशी गेला, कान लावून उभा राहिला. मग सातव्यापाशी. मग परत आठव्यापाशी. संध्याकाळपर्यंत तो असाच येरझारा घालत होता.

सात कान एका ओळीत, एकाच आडोशात होते. खरा आवाज टेकडी अडवत होती. त्यांना ऐकू येत होता तो पलीकडच्या कड्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी. सातांचं एकमत होतं, कारण सातांनाही एकच लबाडी ऐकू येत होती. आठवा तेवढा आडोशाबाहेर होता. तो बिघडलेला नव्हता. तो एकटाच खरं ऐकत होता.

यावर त्याने जो निबंध लिहिला, त्याने त्याचं नाव झालं. सगळे कान एका ओळीत रोवू नका. एखादा मुद्दाम वेगळ्या जागी, वेगळ्या उंचीवर ठेवा. आणि जो जुळत नाही, त्याला वगळण्याआधी त्याच्या जागी जाऊन उभे राहा. परदेशातून पत्रं आली. एका विद्यापीठाने त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं. संस्थेत पेढे वाटले गेले. गिरधरने पेढा हातात घेतला आणि कोणाचं लक्ष नसताना खिडकीत ठेवून दिला.

त्रेसष्टच्या जानेवारीत, निघण्यापूर्वी, तो निरोप घ्यायला गावी आला.

मीना बारा वर्षांची झाली होती. उंच झाली होती. काकाच्या पाया पडली आणि प्रमिलाबाईने "आठे बैस" म्हटलं त्या खांबाशी जाऊन बसली. घटका गेली, दुसरी गेली. प्रमिलाबाई कामात होती. मीना तिथेच.

"ऊठ म्हटल्याशिवाय उठत नही ती," प्रमिलाबाई हळूच म्हणाली. "भाऊ, तुम्ही शिकेल शेतस, तुम्हीच पाहा. गयं साल मास्तरनी सांगं, निंबाखाले उभी ऱ्हाय, बलावस. तो इसरी गया. सावली सरकी गयी, तरी पोर दिवसभर उन्हामा उभी. पाय भाजनात, पण जागा सोडी नही. पोरे तिले खुंट्यानी म्हणतस."

खुंट्यानी म्हणजे खुंट्याची. गिरधरने हातातला पितळी पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मीनाला नदीवर घेऊन गेला. धुई नव्हती. कोवळं ऊन पडलं होतं. खेळाचे चार खुंटे कोणी कोणी उपटून नेले होते. पाचवा मात्र जागेवर होता, शेळ्या बांधून बांधून गुळगुळीत झालेला. गिरधरला नंतर कळलं की तो उपटायला आलेल्या माणसाला मीना चावली होती.

"मीना," तो म्हणाला, "त्या दिवशी तुझी काठी बरोबर होती. हे तुला माहीत आहे ना?"

तिने मान हलवली. माहीत होतं.

"मग?"

तिने खुंट्यावर हात ठेवला. मग खुंट्याकडे बघत म्हणाली, "मी जागा सोडी दिनी. म्हणीसन तू मन्ही काठी धरी नही. आठेच उभी ऱ्हायतू तं तू धरतास. मन्हा बाबा वाचता."

मुलांनो, चार वर्षं ती हे पोटात घेऊन फिरत होती. बापाच्या मरणाचं ओझं, आठ वर्षांच्या वयापासून. आणि ते तिच्या डोक्यावर ठेवणारा माणूस समोर उभा होता.

 गिरधरने नावेपाशी उभ्या भटूला हाक मारली. भटू आता तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला. चुडामणच्या नावेतून त्याला बाभळीच्या वळणावर पाठवलं आणि तिथून हाका मारायला सांगितलं. मीनाला खुंट्यापाशी उभं केलं.

"डोळे मीट. आवाज कुठून येतो?"

"होऽऽ," भटू ओरडला.

मीनाचा हात उचलला गेला. समोरच्या दरडीकडे. तिने डोळे उघडले, आपल्याच हाताकडे पाहिलं आणि दचकून तो खाली घेतला.

"भटू तठे नही शे," ती म्हणाली.

"नाही. हे मातीचं टेकाड मध्ये येतं. खरा आवाज इथे नीट पोचतच नाही. दरडीवर आपटून परत येतो, तोच मोठा ऐकू येतो. त्या चौघांनी तोच ऐकला. तू इथे थांबली असतीस तर तूही दरडच दाखवली असतीस. आता वर जा."

ती हलली नाही.

"जा," तो म्हणाला, आणि मग शहरात राहून जिभेवरून उतरलेली घरची बोली त्याच्या तोंडी आपोआप आली. "जाय बेटा. मी सांगस. सोड ती जागा."

ती एकेक पाऊल टाकत टेकाडावर चढली. भटूने पुन्हा हाक मारली. तिचा हात बाभळीकडे गेला. पुन्हा हाक, पुन्हा बाभळीकडे. ती खाली उतरून खुंट्यापाशी आली, ऐकलं, परत वर गेली. चार-पाच वेळा तिने असं केलं. गिरधर बघत होता. सव्वा वर्षापूर्वी तो स्वतः दोन खांबांच्या मध्ये असाच फिरला होता.

"खुंटे मी चुकीच्या जागी ठोकले होते," तो म्हणाला. "तू जागा सोडलीस म्हणूनच तुला खरं ऐकू आलं. तुन्ही चूक नही, मीना. मन्ही चूक शे."

ती टेकाडावरून त्याच्याकडे बघत होती. बापासारखे डोळे.

"तुले हाई कवय समजनं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काल, परवा, काहीही सांगता आलं असतं.

"सव्वा वर्ष झालं."

"मंग?"

"मग मी ते लिहिलं. छापून आलं."

"कोणले धाडं?"

"परदेशात. मोठमोठ्या लोकांना."

"आणि आमले?"

  वळणावरून भटू अजून हाका मारतच होता, कारण त्याला थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

मीना टेकाडावरून उतरली. तिने खुंट्याला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवायला लागली. चार वर्षांचा रुतलेला खुंटा. गिरधर मदतीला पुढे झाला, तशी तिने कोपराने त्याला दूर सारलं. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. तिचे तळवे सोलले, पण तिने सोडला नाही. शेवटी ओल्या मातीचा गोळा घेऊन तो वर आला. तिने तो खांद्यावर टाकला आणि कोणी जा म्हणण्याची वाट न बघता घराकडे चालू लागली. काका मागून येतो आहे की नाही, हे तिने वळून पाहिलं नाही.

घरी प्रमिलाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. मीनाने खुंटा चुलीत सारला.

"अवं, बकरीना खुंटा कसाले जाळस?" प्रमिलाबाई म्हणाली.

गिरधर दारात येऊन उभा राहिला होता.

"काका सांगी तुले आते," मीना म्हणाली. मग ती आईला चिकटून बसली, फुंकणी उचलली आणि खुंटा पेट घेईपर्यंत फुंकत राहिली.